१२३४५६७८९ ही संख्या आतून कशी आहे? मोठी संख्या उलगडायला शिकणाऱ्यांसाठी

एक कोरं पान घ्या आणि वरती लिहा १२३४५६७८९. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. ही संख्या कोणालाही पाठ असते, कीबोर्डवर बोट सरळ फिरवलं तरी टाइप होते, पण हिला कशाकशाने भाग जातो, हिचे विभाजक किती, ही कुठल्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आली असं विचारलं की आपण थेट मोबाइल काढतो. मोबाइल उत्तर देतो, पण ते उत्तर कुठून आलं ते कळत नाही आणि पुढच्या संख्येला पुन्हा मोबाइलच लागतो. म्हणून मी इथे मुद्दाम एकच संख्या घेतलीये आणि ती कागदावर शेवटपर्यंत सोडवून दाखवणार आहे, कारण दहा संख्या अर्ध्या अर्ध्या बघण्यापेक्षा एक पूर्ण सोडवली की हाताला वळण लागतं असा माझा अनुभव आहे.

यासाठी काय यायला हवं? शाळेतला लांब भागाकार, दोन अंकी संख्यांचे वर्ग काढणं आणि ६१ पर्यंतच्या मूळ संख्या, बस. त्या मूळ संख्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. एकूण १८ आहेत, मोजून घ्या, कारण यातली एखादी राहून गेली की पुढचं सगळं काम संशयात येतं.

आधी नुसतं बघा, भाग देऊ नका

नवीन शिकणारे इथेच घाई करतात. संख्या दिसली की २ ने भाग, ३ ने भाग असं सुरू होतं. त्याआधी दोन मिनिटं संख्येकडे नुसतं बघितलं तर बरंच काही फुकटात कळतं.

शेवटचा अंक ९, म्हणजे विषम, २ गेला. ० किंवा ५ नाही, म्हणजे ५ पण गेला. आता अंकांची बेरीज करा, १ ते ९ ची बेरीज ४५, आणि ४५ ला ९ ने भाग जातो म्हणून संख्येलाही ९ ने जातो. ही कसोटी सगळ्यांना पाठ असते पण ती का चालते हे एकदा समजून घ्याच: १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून अंक कुठल्याही स्थानावर असला तरी ९ च्या दृष्टीने त्याची किंमत तेवढीच, आणि म्हणून सगळी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेएवढीच बाकी देते. यातूनच एक छान गोष्ट निघते. १ ते ९ हे अंक तुम्ही कुठल्याही क्रमाने लिहा, एकूण ३,६२,८८० प्रकारे लिहिता येतात, बेरीज ४५ च राहणार, म्हणजे त्या सगळ्या ३,६२,८८० संख्यांना ९ ने भाग जातो आणि त्यातली एकही मूळ संख्या नाही. एकेकीला तपासायची गरजच नाही.

आता ही पूर्ण वर्ग आहे का ते बघू. वर्गमूळ काढत बसायचं नाही, शेवटचे तीन अंक ७८९ घ्या आणि ८ ने भागा. ८ गुणिले ९८ म्हणजे ७८४, बाकी ५. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागलं की बाकी कायम १ च येते, दुसरी येऊच शकत नाही (विषम संख्या २क + १ धरली तर तिचा वर्ग ४ × क × (क + १) + १ होतो, आणि लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक समच असते, म्हणून तो ४ चा ८ होतो). आपली बाकी ५ आहे, विषय संपला, पूर्ण वर्ग नाही.

त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १ + २ + ३ असं करत कुठेतरी इथे पोचतो का? त्याची कसोटी अशी की संख्येला ८ ने गुणून १ मिळवायचा आणि येईल तो पूर्ण वर्ग हवा. इथे पूर्ण गुणाकार पण करायचा नाही, फक्त शेवटचा अंक बघायचा: ८ × ९ = ७२, अधिक १ म्हणजे ७३, शेवटी ३. कुठल्याही वर्गाच्या शेवटी ३ येत नाही. तर त्रिकोणी पण नाही.

७, ११, १३ एकदम तपासा

७ × ११ × १३ = १००१. हे लक्षात ठेवा, आयुष्यभर कामाला येतं. १००० ला १००१ ने भागलं तर बाकी "उणे १" समजता येते, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचं.

इथे एक सावधगिरी आपल्याला जास्तच लागते. आपण स्वल्पविराम लाख-कोटीप्रमाणे देतो, १२,३४,५६,७८९ असा, म्हणजे पहिले तीन अंक आणि मग दोन-दोन. या गटांवर ही युक्ती लावली तर उत्तर चुकणार. मी सुरुवातीला हीच चूक करायचो आणि युक्तीच खोटी आहे असं वाटायचं. म्हणून स्वल्पविराम पुसून टाका आणि नव्याने गट पाडा: १२३ | ४५६ | ७८९.

७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आता ४५६ ला भागा. ७ × ६५ = ४५५, बाकी १. १३ × ३५ पण ४५५, बाकी १. ११ × ४१ = ४५१, बाकी ५. तिघांनीही भाग जात नाही. पण या तीन बाक्या, १, ५ आणि १, पानाच्या बाजूला चौकटीत लिहून ठेवा, फेकू नका. थोड्या वेळाने त्याच आपल्या उत्तराच्या साक्षीदार होणार आहेत.

९ बाहेर काढा

भाग जातो हे माहीत असलेला अवयव लगेच बाहेर काढायचा, संख्या लहान होते आणि पुढचं काम हलकं होतं. १२ मध्ये ९ एकदा, उरले ३. ३३ मध्ये तीनदा, उरले ६. ६४ मध्ये सातदा, उरला १. १५ मध्ये एकदा, उरले ६. ६६ मध्ये सातदा, उरले ३. ३७ मध्ये चारदा, उरला १. १८ मध्ये दोनदा. आणि शेवटचा ९, एकदा. उत्तर १,३७,१७,४२१.

याची अंकांची बेरीज २६, म्हणजे आता ३ नेही भाग जात नाही. तर ३ दोनदाच होता, तिसऱ्यांदा नाही. हे नक्की करून घेणं महत्त्वाचं, कारण पुढे विभाजक मोजताना हा "किती वेळा" वाला आकडा लागतो.

आता खरी लढाई

समोर आहे १,३७,१७,४२१. कोपऱ्यातल्या यादीत १७ पासून ६१ पर्यंत जे उरलेत त्यांनी भाग देऊन बघा, एकानेही जात नाही. आता काय? नियम असा की संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरतं, कारण दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. वर्गमूळ अंदाजे किती? ३७०० चा वर्ग १,३६,९०,०००. उरतात २७,४२१. दर एक पुढे गेलं की साधारण ७४०० वाढतात, म्हणजे अजून तीन पावलं जाता येईल. ३७०३ चा वर्ग १,३७,१२,२०९, आणि ३७०४ चा आपल्या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे ३७०३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या, आणि त्या पाचशेच्या वर आहेत. पाचशे भागाकार हाताने कोणी करणार नाही, आणि इथेच लोक कागद बाजूला ठेवतात.

ठेवू नका. इथे दुसरी वाट आहे आणि ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त आवडते.

शाळेतलं सूत्र आठवा, दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. आपली संख्या जर "एक वर्ग उणे दुसरा वर्ग" अशी लिहिता आली तर अवयव आपोआप हातात. सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, पण त्याच्या कितीतरी आधी, १३५६ च्या गणितकौमुदीत नारायण पंडितांनी हाच मार्ग दिलाय, आणि त्यांची मांडणी हाताने करायला फारच सोयीची आहे, नुसत्या बेरजांवर चालते. तीच करू.

संख्येच्या आतलं सगळ्यात मोठं वर्गमूळ घ्या, ३७०३. त्याचा वर्ग काढून टाकल्यावर संख्येत उरतात १,३७,१७,४२१ − १,३७,१२,२०९ = ५,२१२. आता ३७०३ ची दुप्पट अधिक एक, म्हणजे ७४०७, त्यातून ५२१२ वजा करा. आले २१९५, म्हणजे ३७०४ चा वर्ग आपल्या संख्येपेक्षा इतकाच मोठा आहे. हा पूर्ण वर्ग आहे का? शेवटी ५ असलेला वर्ग कायम २५ वर संपतो, हा ९५ वर संपतोय, नाही. मग पुढची विषम संख्या मिळवा, ७४०७ च्या पुढची ७४०९. २१९५ + ७४०९ = ९६०४.

थांबा आणि ९६०४ कडे नीट बघा. १०० चा वर्ग १०,०००, ९९ चा ९८०१, ९८ चा ९६०४. सापडला!

पाचशे भागाकारांच्या जागी दोन पायऱ्या. पहिली पायरी ३७०४ ची होती, दुसरी ३७०५ ची. म्हणजे १,३७,१७,४२१ = ३७०५ चा वर्ग − ९८ चा वर्ग, आणि अवयव झाले ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने आलं होतं तेव्हा मी तो गुणाकार तीन वेळा करून बघितला होता, विश्वासच बसत नव्हता.

वर्ग ओळखायची एक टीप देऊन ठेवतो, कारण या पद्धतीत तेच सारखं करावं लागतं. वर्गाचे शेवटचे दोन अंक काहीही असू शकत नाहीत, ०० ते ९९ या शंभरांपैकी फक्त २२ जोड्या चालतात: ००, ०१, ०४, ०९, १६, २१, २४, २५, २९, ३६, ४१, ४४, ४९, ५६, ६१, ६४, ६९, ७६, ८१, ८४, ८९, ९६. यात नसेल तर वर्गमूळ काढायचंच नाही, सरळ पुढची विषम संख्या मिळवायची.

दोघं खरंच मूळ आहेत का?

हे राहून जातं. अवयव सापडले म्हणजे ते मूळ आहेत असं नाही, ते वेगळं तपासायचं. ३६०७ चं वर्गमूळ ६० च्या किंचित वर (६० चा वर्ग ३६००), म्हणून ५९ पर्यंत बघायचं. ३८०३ साठी ६१ पर्यंत, कारण ६१ चा वर्ग ३७२१ आणि ६२ चा ३८४४. खरं तर यादीतल्या सगळ्यांनी मोठ्या संख्येला आधीच भाग देऊन झालाय आणि एकानेही गेला नाही, मग तिच्या अवयवांना कसा जाणार, म्हणून नव्याने काही करायची गरज नाही. तरी वर तुम्ही ते भागाकार गाळले असतील तर आता लहान संख्यांवर करा, सोपं जातं. एखाद-दुसरा काठावरून चुकतो, जसं ४१ × ८८ = ३६०८, एकाने हुकलं, तिथे घाईत "गेला भाग" असं लिहू नका.

तर पूर्ण उत्तर: १२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३.

आता चौकटीतल्या बाक्या काढा. ३६०७ ला ७ ने भागलं तर बाकी २, ३८०३ ला पण २, आणि ९ ला पण २. तिन्हींचा गुणाकार ८, त्याला ७ ने भागलं की बाकी १. चौकटीत ७ समोर काय लिहिलंय? १. जुळलं. १३ चं बघा: बाक्या ६, ७ आणि ९, गुणाकार ३७८, आणि १३ × २९ = ३७७, म्हणजे बाकी १, हेही जुळलं. ११ चं तुम्ही करा, बाक्या १०, ८ आणि ९ येतील, शेवटी ५ यायला हवेत. पूर्ण गुणाकार न करता उत्तर तपासायची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. एक मात्र लक्षात ठेवा, बाक्या जुळल्या नाहीत तर चूक शंभर टक्के आहे, पण जुळल्या तर बरोबर असण्याची खात्री बरीच वाढते, पुरावा होत नाही. म्हणून शेवटी एकदा ३६०७ × ३८०३ पूर्ण करून बघाच: ३६०७ × ३८०० = १,३७,०६,६००, अधिक ३६०७ × ३ = १०,८२१, एकूण १,३७,१७,४२१.

आता बाकी सगळं आपोआप येतं

माझं सगळं म्हणणं इथे आहे. मोठ्या संख्येचे गुणधर्म म्हणजे वेगवेगळी वीस कामं नाहीत, काम एकच, मूळ अवयव काढणं, त्यानंतर बाकीचं फक्त वाचायचं असतं.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव जितक्या वेळा आलाय त्यात एक मिळवा आणि गुणा. ३ दोनदा म्हणून ३, बाकी दोघे एकेकदा म्हणून २ आणि २. ३ × २ × २ = १२. ते बारा लिहून बघा: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि संख्या स्वतः. ९ च्या पुढे एकदम ३६०७! बारा कोटींची संख्या आणि मधे एवढं मोठं ओसाड माळरान.

विभाजकांची बेरीज पण अशीच, (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ५,४९,६६,०२७, म्हणजे संख्येच्या निम्म्यापेक्षाही कमी. अशा संख्येला न्यून म्हणतात, तिचे विभाजक मिळून तिच्याइतके भरत नाहीत. ६ मध्ये १ + २ + ३ = ६ बरोबर भरतात म्हणून ती परिपूर्ण.

१ पासून या संख्येपर्यंत हिच्याशी सहमूळ, म्हणजे १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? प्रत्येक अवयवासाठी वेगळं मोजायचं आणि गुणायचं: ९ साठी ६, ३६०७ साठी ३६०६, ३८०३ साठी ३८०२. गुणाकार ८,२२,६०,०७२. हे बरोबर वाटतंय का ते नजरेनेच बघा: साधारण दोन तृतीयांश आहे. असायलाच हवं, कारण ३ च्या पाढ्यातल्या एक तृतीयांश गळतात आणि ३६०७, ३८०३ च्या पाढ्यात फारच थोड्या येतात. असा अंदाज प्रत्येक उत्तराला लावायची सवय ठेवा.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? इथे अवयवांशिवाय खरंच अडलं असतं. संख्येला ४ ने भागलं तर बाकी १ येते, त्यामुळे वरवर बघता काही अडचण नाही वाटत. पण नियम असा की ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ३ दोनदा आलाय, ठीक. ३६०७ ची बाकी ३ आणि तो एकदाच, तिथेच संपलं. ३८०३ चंही तेच. दोघांच्या बाक्या एकमेकांना झाकतात (३ × ३ = ९, ४ ने बाकी १) म्हणून बाहेरून काही कळत नाही. दोन वर्गांची बेरीज नाही होत, तीन वर्गांची मात्र होते, ८ ने बाकी ५ येते त्यामुळे तिथे आडकाठी नाही. आणि दोन वर्गांचा फरक? सहा प्रकारे, बारा विभाजकांच्या सहा जोड्या लागतात म्हणून. त्यातला सगळ्यात जवळचा ११,११५ चा वर्ग उणे २९४ चा वर्ग. ३७०५ आणि ९८ ची तिप्पट आहे बघा.

उलटी लिहिली तर?

९८७६५४३२१ आणि आपली संख्या, दोघींचा मसावि काढा. अवयव वगैरे काही नको, युक्लिडची पद्धत, मोठीला लहानीने भागा. भागाकार ८, बाकी फक्त ९. मग १२,३४,५६,७८९ ला ९ ने भागा, बाकी ०. मसावि ९, दोन ओळींत. भागाकार इतका नेटका का आला? दोघींची बेरीज १११११११११० आहे, आणि आपल्या संख्येची ९ पट करून १० मिळवले तर १११११११११ आणि वर अजून एक १, म्हणजे दहा एकं, ११११११११११. या दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की उलटी संख्या = सुलटीची ८ पट + ९ हे निघतं, करून बघा.

उलटीचे अवयव काढायला घेतले तर आणखी एक धडा मिळतो. ९ काढल्यावर उरतात १०,९७,३९,३६९. इथे नारायण पंडितांची पद्धत लावली तर १०,४७६ पासून सुरू करून १,९०,००५ पर्यंत जावं लागतं, म्हणजे १,७९,५३० पायऱ्या. आणि साधा भागाकार? सातवी मूळ संख्या १७, तिनेच भाग जातो, दोनदा जातो, उरते ३,७९,७२१ आणि ती मूळ आहे. वर्गांची युक्ती दोन अवयव जवळजवळ असतील तेव्हाच चालते, एक लहान आणि एक अवाढव्य असेल तर ती दमवते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ६१ पर्यंत भागाकार, मग दहा-पंधरा पायऱ्या वर्गांच्या, नाहीच लागलं तर कंप्युटर. इंटरनेटवरची कुलपं, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या किल्ल्या, बनवताना दोन मोठ्या मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ घ्यायच्या नाहीत हा नियम याच कारणाने आहे.

कंप्युटर वापरताना

नऊ अंकी संख्येला काही होत नाही, पण एक्सेलसारख्या शीटमध्ये १५ अंकांच्या पुढे अंक टिकत नाहीत, तिथे शून्य येतं आणि ते कोणी सांगत नाही. आपल्या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१, सतरा अंक. शीटमध्ये शेवटी ५०० दिसेल. विषम संख्येचा वर्ग सम कसा आला, एवढा प्रश्न पडला तरी चूक पकडली जाते. मोठ्या पूर्णांकांसाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा, तिथे अंक कापले जात नाहीत.

आणि "मूळ नाही" हे कळणं आणि अवयव सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या माणसाला पटकन पटत नाही. २ चा ६७ वा घात उणे १, ही २१ अंकी संख्या मूळ नाही हे फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव त्याच्याकडे नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलने दिले, १९,३७,०७,७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधे २७ वर्षं गेली.

आता तुमची पाळी. फर्माने स्वतः सोडवलेली संख्या देतो, २०२७६५१२८१. वर्गमूळ ४५,०२९ आणि थोडं जास्त. ४५,०२९ चा वर्ग काढून टाकल्यावर उरतात ४०,४४०. दुप्पट अधिक एक म्हणजे ९०,०५९, त्यातून ४०,४४० गेले की ४९,६१९. शेवटी १९, वरच्या २२ जोड्यांत नाही, तेव्हा वर्ग नाही. आता ९०,०६१ मिळवा, मग ९०,०६३, असं दोन-दोनने वाढवत चला आणि प्रत्येक वेळी शेवटचे दोन अंक बघा. ही पहिली पायरी धरून बाराव्या पायरीला जो वर्ग येईल त्याचं वर्गमूळ १०२० यायला हवं, नाही आलं तर मधली एखादी बेरीज चुकलीये, मागे जाऊन तपासा.